मनाची खांदशेकणी



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या भागात बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसले, तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, त्याला हळद आणि लोणी चोळायचे, पाठीवरून हात फिरवायचा. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी ज्यांच्या गोठ्यात जोडी आहे ते हा दिवस चुकवत नाहीत. शेकल्याने जू कायमचे उतरत नाही. पोळा झाला की बैल पुन्हा शेतात जातो. पण न शेकलेला खांदा सुजतो, सुजलेल्या खांद्याला जखम होते आणि भर कामाच्या दिवसांत बैल बंडीखाली बसतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

मनालाही खांदा असतो. प्रभू येशूने थकलेल्या आणि ओझ्याने वाकलेल्या माणसांना आपल्याकडे बोलावले तेव्हा जुवाचाच दाखला वापरला (मत्तय ११:२८-३०). जू काढून टाकतो असे प्रभू म्हणाला नाही. आपले जू सोयीचे आहे, असे तो म्हणाला. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला कोणते जू बोचते आणि कोणते बसते हे नक्कीच कळत असणार. ह्या लेखात मनाच्या खांद्याला शेकण्याच्या एका साध्या उपायाविषयी विचार करू. तो उपाय म्हणजे हसणे.

हा विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठ्या येतील. आपल्याकडे चर्चमध्ये हसलेल्या पोराला आजी चिमटा काढते. भक्ती म्हणजे गंभीर चेहरा, असे आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत. काही चेहरे पवित्र मिस्सा संपवून बाहेर पडताना असे असतात की पाहणाऱ्याला वाटावे, आत दफनविधी होता.

दुसरा आक्षेप मात्र खरा आणि जड आहे. आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो. १९ मार्च १९८६ रोजी ह्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे ह्या शेतकऱ्याने पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून किती घरे उद्ध्वस्त झाली ते आपल्याला वर्तमानपत्रातून कळण्याची गरज नाही. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत आपला जिल्हा होता. अशा जिल्ह्यात माणसांना हसा म्हणून सांगणे हीच क्रूर थट्टा नव्हे काय? कापसाचा भाव, बँकेचे कर्ज, मुलीचे लग्न, सिमेंट फॅक्टरीतली ठेकेदारी नोकरी आज आहे तर उद्या नाही, ह्यातले काय विनोदाने सुटणार आहे?

काहीच सुटणार नाही, हे आधी कबूल करून टाकू. पण एक गोष्ट पाहा. हा आक्षेप बहुधा बाहेरचा माणूस घेतो. ज्याच्या खांद्यावर जू आहे तो शेतकरी स्वतः मात्र विनोद सोडत नाही. पुरावा पाहिजे तर पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली उभे राहा आणि झडत्या ऐका.

झडती काय असते ते नव्या पिढीतल्या आणि परप्रांतातून कामासाठी इथे आलेल्या आपल्या बांधवांसाठी सांगतो. बैल सजवून ओळीने उभे केले जातात, वर आंब्याच्या पानांचे तोरण असते, आणि तोरण तुटण्याआधी गावातला कुणी तरी पुढे येऊन मोठ्या आवाजात यमक जुळवलेल्या ओळी फेकतो. शेवटी महादेव-पार्वतीचे नाव घेतले जाते. ती आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आहे आणि तिचा आपण आदर करतो. पण मधल्या ओळींत सगळा गाव असतो. सावकार, सरपंच, न येणारी वीज, न बरसणारा पाऊस, बोगस बियाणे, भाव पाडणारा व्यापारी, मुंबईत बसलेले सरकार, कुणाचीच सुटका नाही. ज्याच्याविरुद्ध एरवी तोंड उघडायची सोय नाही, तोही तिथे उभा राहून हसतो, कारण पोळ्याच्या दिवशी रागवणे शोभत नाही. समोरच्याची झडती संपली की दुसऱ्या बाजूचा उत्तर देतो. ज्या वर्षी पीक बुडालेले असते त्या वर्षी झडत्या कमी होत नाहीत, उलट त्यांना धार चढते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी विनोदावरचे बरेच सिद्धान्त वाचले. विनोद हा दुबळ्या माणसाच्या हातातला ताठ कणा आहे, हे मला त्या पुस्तकांपेक्षा झडत्यांनी अधिक स्पष्ट सांगितले.

हे आपल्या मातीतच आहे. मराठी विनोदी लेखनाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर विदर्भातले. नागपुरात जन्मले आणि जळगाव-जामोदला वकिली करता करता त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले. यवतमाळचे शंकर बडे ह्यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' गावोगाव सादर केला आणि वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्याचे दुःख हसवत हसवत सांगितले. त्यांच्याही आधी गाडगेबाबा (१८७६-१९५६). बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. बाबा विचारायचे आणि हजारो लोक एका सुरात उत्तर द्यायचे. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, पोरांना शाळेत घाला, हा उपदेश कुणीही कोरडेपणाने केला असता तर लोक अर्ध्यातून उठून गेले असते. बाबांनी लोकांना त्यांच्याच मूर्खपणावर हसवले, आणि माणूस एकदा आपल्या एखाद्या खोडीवर मनापासून हसला की ती खोड पूर्वीइतकी घट्ट धरून ठेवणे त्याला कठीण जाते. प्रवचन करणाऱ्या आम्हा सर्वांना त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही. कापूस वेचणीला आला असताना अवकाळी पावसाने एका घरचे सगळे पीक भिजवले. आम्ही चार-पाच जण भेटायला गेलो. कुणालाच बोलायला सुचेना. घरातला कर्ता पुरुष जमिनीकडे बघत बसला होता. शेवटी त्याची म्हातारी आई म्हणाली, "पाऊस कायचा बाप्पा, पाव्हना होता थो. जेवून गेला थे गेला, ताटबी घेऊन गेला!" क्षणभर कुणाला कळेना हसावे की नाही. मग मुलगाच आधी हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आले आणि तो खूप वेळ रडला. त्यानंतर घरात चहा ठेवला गेला, आणि चहा पिताना पहिल्यांदा पीकविम्याचे कागद, तलाठ्याचा पंचनामा, कुणाकडे किती देणे आहे ह्याची बोलणी सुरू झाली.

म्हातारीच्या त्या एका वाक्याने नुकसान एक रुपयानेही कमी झाले नाही. पण त्या क्षणापर्यंत पाऊस त्या घराच्या छातीवर बसला होता. तिने त्याला उचलून पाहुणा केला, आणि पाहुणा कितीही उपद्रवी असला तरी तो घराचा मालक नसतो.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तेच वाक्य आमच्यापैकी एखाद्या पाहुण्याने उच्चारले असते तर तो निर्दयपणा झाला असता. दुःखावरचा विनोद करण्याचा पहिला हक्क दुःख सोसणाऱ्याचा असतो. तो हसला तर आपण त्याच्यासोबत हसावे. तो हसण्याआधी आपण हसू नये. नीतिसूत्रांच्या ग्रंथात ह्यासाठी सणसणीत उपमा आहे. खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे सोड्यावर आंब ओतण्यासारखे आहे, असे तिथे म्हटले आहे (२५:२०). घरी खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून पाहा, म्हणजे शलमोनाला काय म्हणायचे होते ते लगेच कळेल.

पवित्र शास्त्रात हसू शोधायला गेले तर ते भरपूर सापडते. आपण ते इतक्या गंभीर आवाजात वाचतो की ते ऐकूच येत नाही. अब्राहामाच्या तंबूच्या दाराआड उभी राहून सारा हसली (उत्पत्ती १८). नव्वदीच्या घरातल्या बाईला बाळ होणार म्हटल्यावर ती दुसरे काय करणार? आणि वर, 'मी हसले नाही' असेही म्हणाली. देवाने तिला शिक्षा केली नाही. बाळ झाल्यावर त्याचे नाव ठेवले इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. विश्वासाच्या इतिहासातली दुसरी पिढी एका हसण्याच्या नावाने ओळखली जाते. साराचे पहिले हसणे अविश्वासाचे होते, कडवट होते. देवाने त्याच हसण्याला दुसरा अर्थ दिला.

बलामाला गाढवीने शहाणपण शिकवले (गणना २२). योना एका वेलीसाठी रुसून बसला, आणि शेवटी देवानेच त्याला निनवेतल्या माणसांची व गुराढोरांची आठवण करून दिली. प्रेषितांची कृत्ये उघडा. तुरुंगातून सुटलेला पेत्र दार ठोठावतो आहे, रुदा नावाची पोरगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि आत ज्याच्या सुटकेसाठी प्रार्थना चालली आहे तो दारात उभा आहे ह्यावर प्रार्थना करणाऱ्यांचाच विश्वास बसत नाही (१२:१२-१६). विसाव्या अध्यायात संत पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौलाने त्याला जिवंत वर आणले, आणि नंतर पहाटेपर्यंत बोलणे चालू ठेवले! आपले चर्च बैठे आहे ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत.

प्रभू येशूचे दाखलेही पाहा. डोळ्यात आख्खे मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. चिलट गाळून उंट गिळणारा परूशी पाहा (मत्तय २३:२४). प्रभूच्या अरामी भाषेत चिलट आणि उंट ह्या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा होतो, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ऐकणाऱ्यांना त्यात कोटीही ऐकू आली असणार. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर चहातली मुंगी काढून फेकली आणि बैलांसकट बंडी गिळली. हे ऐकून गालीलातले शेतकरी आणि कोळी मख्ख चेहऱ्याने बसले असतील असे मला वाटत नाही.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) शिकताना बहुतेक जण देवाच्या अस्तित्वाचे पाच मार्ग पाठ करतात. पण ह्या महान आचार्याने आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' ह्या ग्रंथात खेळ आणि थट्टा ह्यांवर एक स्वतंत्र प्रश्न खर्ची घातला आहे (दुसऱ्या भागाचा दुसरा खंड, प्रश्न १६८). त्यात ते एक जुनी गोष्ट सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही जणांना धक्का बसला. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा मारायला सांगितले, आणि विचारले, तू हे न थांबता करू शकशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहान म्हणाले, मनाचेही तसेच आहे.

अक्वायनस ह्यांचे म्हणणे असे. शरीर थकले की त्याला विश्रांती लागते, तसे मनही थकते. मनाची विश्रांती म्हणजे आनंद. म्हणून ज्या बोलण्याचा मनाला आनंद देण्यापलीकडे काही हेतू नाही, असे बोलणेही माणसाला अधूनमधून आवश्यक आहे. ह्या गुणाला त्यांनी ॲरिस्टॉटलकडून घेतलेला शब्द वापरला आहे, 'युट्रापेलिया'. त्याचा शब्दशः अर्थ चांगले वळणे. ज्याचे मन सहज वळते तो खेळकर माणूस. ॲरिस्टॉटलच्या मते ह्या गुणाच्या एका बाजूला भांड असतो, जो हसवण्यासाठी कुणाचीही अब्रू घालवतो. दुसऱ्या बाजूला असतो रुक्ष माणूस, जो स्वतः हसत नाही आणि दुसरा हसला तर रागावतो. अक्वायनस तर त्याच प्रश्नात आणखी पुढे जातात आणि विचारतात, मुळीच न हसणे हे पाप आहे काय? उत्तर आहे, होय, असू शकते. जो स्वतः कुणाला आनंद देत नाही आणि इतरांच्या आनंदातही विघ्न आणतो, तो लोकांवर ओझे होतो, आणि ते बुद्धीला धरून नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी 'फादर, मी आठवडाभर घरात तोंड वाकडे करून बसलो' असे पाप अजून कुणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

गंमत अशी की हाच 'युट्रापेलिया' शब्द संत पौलाने इफिसकरांस पत्रात (५:४) दोष म्हणून वापरला आहे. आपल्या मराठी बायबलात तिथे 'टवाळी' असा शब्द आहे. मग पौल खरा की थॉमस? दोघेही. मराठीनेच हा पेच सोडवून ठेवला आहे. आपल्याकडे विनोद, थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा अशी उतरती शिडीच आहे. वरच्या पायरीवर दोघेही हसतात. खालच्या पायरीवर एकच हसतो आणि दुसरा मान खाली घालतो. अक्वायनस ह्यांनी घातलेल्या अटी ह्याच शिडीवर बसतात: थट्टेत अश्लीलता वा कुणाची हानी नसावी, मनाचा तोल पूर्ण सुटू नये, आणि माणूस, वेळ, जागा पाहून ती करावी.

कोलाम पोडावरून आलेल्या मुलाच्या बोलीची वर्गात नक्कल होते आणि सगळे हसतात. तेलुगू वळणाने मराठी बोलणाऱ्या बाईची नळावर थट्टा होते. काळ्या रंगावरून, अडखळत्या बोलण्यावरून, मूल न होण्यावरून विनोद होतात. बायकोवरचे विनोद मोबाईलवर इतके फिरतात की एखाद्या वाचणाऱ्याला वाटेल, विवाह हा संस्कार नसून अपघात आहे. आणि दुखावलेल्याने तक्रार केली तर ठरलेले उत्तर, 'अरे गंमत केली, येवढं काय मनावर घेतो!' मनावर घेतो, कारण लागले. ज्या विनोदाने एकाचा ताण हलका होऊन दुसऱ्याचा वाढतो, त्याने ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले.

स्वतःवर हसणे ही ह्यावरची चांगली सुरुवात आहे. ह्या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजाला मिळालेली देणगी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६). त्या आणि रेव्ह. नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट मंडळीतले होते, पण त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक सर्व मराठी माणसांचे आहे. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. बाईंचे आयुष्य पाहा. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घरात घ्यायला लावणाऱ्या सोवळ्या वडिलांच्या धाकात बालपण गेले. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा बुद्धिमान, कवी, मनाचा मोठा, पण तापट, आणि हातात पैसा टिकू न देणारा. टिळक काही काळ आपल्या नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, तिथून राजनांदगावला गेले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या परत आल्या, स्वतःच्या विचाराने जातिभेद सोडला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

असे आयुष्य जगलेल्या बाईने कडवट पुस्तक लिहिले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पानोपानी हसतो. बाई नवऱ्याच्या विसरभोळेपणावर हसतात, वडिलांच्या सोवळ्यावर हसतात, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या भाबडेपणावर. त्या हसण्यात सूड नाही. तापट नवऱ्याचे चित्र काढतानाही त्यांनी त्याचा मोठेपणा झाकला नाही, आणि मोठेपणा सांगताना तापटपणाही लपवला नाही. कुणावर प्रेम असल्याशिवाय त्याची इतकी खरी थट्टा करता येत नाही. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे 'ख्रिस्तायन' हे अपुरे महाकाव्य पुरे करण्याचे काम ह्याच बाईंनी केले, ज्यांचे शाळेत शिक्षण झाले नव्हते. ज्या घरी हे पुस्तक नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे. रोज दोन पाने घरात मोठ्याने वाचली तरी पुरे.

आपल्या संतमंडळातही असे लोक आहेत. रोमचे संत फिलिप नेरी (१५१५-१५९५) ह्यांना लोक संत म्हणू लागले तेव्हा ते अर्धीच दाढी काढून बाहेर पडले, म्हणजे लोकांनी आपल्याला हसावे. संत थॉमस मोर ह्यांचा ६ जुलै १५३५ रोजी लंडनमध्ये शिरच्छेद झाला. वधस्तंभाच्या डगमगत्या पायऱ्या चढताना त्यांनी अधिकाऱ्याला हात द्यायला सांगितले, आणि उतरताना माझे मी पाहून घेईन, असे ते म्हणाले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ च्या आपल्या पत्रात पावित्र्याच्या लक्षणांमध्ये आनंद आणि विनोदबुद्धी ह्यांचा समावेश केला. १४ जून २०२४ रोजी त्यांनी जगभरातल्या शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावले होते. थॉमस मोर ह्यांची म्हणून ओळखली जाणारी विनोदबुद्धीसाठीची प्रार्थना आपण चाळीसहून अधिक वर्षे रोज म्हणतो, असे ते सांगत. तिच्यात पचनशक्ती मागितली आहे, आणि पचवायला पोटात काही पडावे, हेही मागितले आहे. आपल्या घरांतही ही मागणी ह्याच क्रमाने करायला हरकत नाही.

डॉक्टर मंडळी काय म्हणतात ते थोडक्यात. पोट धरून हसल्यावर आवळलेले स्नायू सैल होतात आणि श्वास खोल जातो. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबर ह्यांनी २०११ साली प्रयोगातून दाखवले की सोबतीने खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. रॉबर्ट प्रोव्हाइन ह्या अमेरिकन अभ्यासकाला आढळले की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. मुंबईत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया ह्यांनी पाच माणसांना घेऊन बागेत हास्यक्लब सुरू केला. आधी विनोद सांगत. काही दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले कुणाला ना कुणाला लागू लागले, तेव्हा विनोदाशिवायच हसायचे ठरले. ती चळवळ जगभर गेली. मला त्यातली खरी गोष्ट वाटते ती सोबतीची. रोज सकाळी आपली वाट पाहणारी चार माणसे असणे हेच निम्मे औषध आहे. मात्र हसतो म्हणून बीपीची गोळी बंद करू नये. आणि दारूच्या अड्ड्यावरचे हसणे ह्या हिशेबात धरू नये. त्याची उधारी घरची बाई रडून फेडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. नीतिसूत्रांच्याच ग्रंथात म्हटले आहे की हसतानाही अंतःकरण खिन्न असू शकते (१४:१३). सर्वांना हसवणारा माणूस आतून मोडलेला असू शकतो. आपल्या जिल्ह्यात एक विनोद वारंवार ऐकू येतो: 'माझ्यापेक्षा माझ्या मरणालाच जास्त भाव हाये, सरकार एक लाख देते.' कुणी म्हणतो, 'मी गेलो की सुटले सगळे.' पानठेल्यावर सगळे हसतात आणि विषय बदलतो. हा विनोद हसण्यावारी नेऊ नका. विशेषतः जो अलीकडे झोपत नाही, जेवत नाही, चर्चला येईनासा झाला आहे, वस्तू वाटून टाकतो आहे, त्याच्या तोंडून हे ऐकले तर त्याला बाजूला घ्या आणि स्पष्ट विचारा, 'भाऊ, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात काय?' असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणी तरी विचारले ह्याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर उपदेश करू नका, त्या वेळी विनोदही करू नका. त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध त्याच्या हाताशी राहणार नाही अशा ठिकाणी, कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. त्याला दवाखान्यात न्या. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. मलाही कधीही उठवा, रात्री दोन वाजता सुद्धा. आणि ज्या घरात असे मरण आधीच घडून गेले आहे, त्या घराला ख्रिस्तसभा दोषी ठरवत नाही. गेलेल्यासाठी ती प्रार्थना करते.

नाझी छळछावणीतून वाचलेले डॉ. व्हिक्टर फ्रँकल ह्यांनी लिहून ठेवले आहे की छावणीत त्यांनी आणि त्यांच्या एका सोबत्याने रोज एक तरी गमतीची गोष्ट रचायची असे ठरवले होते. गोष्ट सुटकेनंतरच्या दिवसांविषयी असावी, अशी अट होती. म्हणजे उद्या नावाचा दिवस आहे हे रोज एकदा गृहीत धरले जात होते. हा नियम आपल्या घरात आणणे अवघड नाही. रात्रीच्या जेवणाला मोबाईल बाजूला ठेवावा आणि दिवसभरातली एक तरी हसण्यासारखी गोष्ट प्रत्येकाने सांगावी. लहानांनी आधी सांगावी. घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतःची फजिती सांगितली तर उत्तम.

ह्या महिन्यात वॉर्डावॉर्डांतल्या कुटुंब-प्रार्थनेत उत्पत्तीचा अध्याय १८ (१ ते १५) आणि अध्याय २१ (१ ते ७) वाचावा. सारा आधी का हसली आणि नंतर का हसली, ह्यावर बोलावे. नंतर ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरच्या कठीण दिवसांतली एखादी हसू आणणारी आठवण सांगावी. कुणावर बळजबरी नको. आणि जे घर दोन-तीन वेळा प्रार्थनेला आलेले नाही, त्या घरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनी जावे. चहा तिथेच घ्यावा.